मल्लम्माने आकडे रस्त्यावर टांगले

लातूरला मी गेले होते ती भांडायला. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी मल्लम्माबद्दल जे लिहीन ते कुणाला भाबड्या बाईचं कौतुक वाटायला नको.

२०११ सालची दिवाळी चार दिवसांवर होती. माझी मुलगी भार्गवी बारावीनंतर मेडिकलच्या सीईटीत कमी पडली, म्हणून आम्ही तिला नांदेडहून लातूरला रिपीटर बॅचला ठेवलं होतं. क्लास नांदेडातही होते. पण लातूरचं नाव घेतलं की पालकांचे चेहरे उजळायचे. मी बी.एस्सी. बी.एड., जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. तरी माझाही उजळला होता. अशात एके सकाळी हॉस्टेलच्या रेक्टरबाईंचा फोन आला.

"मॅडम, तुमची मुलगी तीन आठवडे झाले दुपारी अभ्यासिकेत बसत नाही. रेणापूर नाक्याकडे कुठल्याशा मोटरीच्या दुकानात जाते म्हणे."

माझ्या डोक्यात काय काय आलं ते आया ओळखतील. नवऱ्याला ऑफिसात फोनही केला नाही. शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि मिळेल ती एसटी धरली.

नाक्यापासून आत वळलं की वाइंडिंगवाल्यांची एक ओळच होती. वाइंडिंग म्हणजे बोअरची किंवा विहिरीची मोटर जळाली की तिच्यातली जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरायची. मराठवाड्यात त्या दिवसांत दहा-बारा तास लोडशेडिंग, आणि वीज आली की सगळ्या शिवाराच्या मोटरी एकदम सुरू. व्होल्टेज पडायचं, मोटरी जळायच्या. त्यामुळे ओळीतल्या कुणालाच फुरसत नव्हती. शेवटून दुसऱ्या दुकानात, गोणपाटावर मांडी घालून माझी मुलगी बसली होती. हात कोपरापर्यंत काळे. समोर पाइपासारखी लांब मोटर उभी, आणि ही तिच्या खाचांमधून एकेक तार ओढून घेत होती.

"भार्गवी! काय करून राहिलीस तू इथं?"

तिने वर पाहिलं आणि मला बोट दाखवलं. थांब, म्हणून. "अडतीस... एकोणचाळीस..."

जन्मापासून मला कुणी असं बोट दाखवलं नव्हतं.

"बसा ताई," आतून आवाज आला. "मोजताना बोलवलं तर पुन्हा पहिल्यापासनं मोजावं लागतंय."

आवाजाच्या दिशेने पाहिलं तर पन्नाशीची एक उंच, हाडकुळी बाई. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, नऊवारीवर पुरुषाचा खाकी शर्ट. हातात पक्कड. हीच मल्लम्मा.

"मी बसायला आलेली नाही. मुलीला न्यायला आले आहे."

"न्या की. मी काय बांधून घातली न्हाई. तीनदा हाकलली हिला. चौथ्यांदा आली तवा म्हनलं, बरं, हाताला काम दे, तोंडाला न्हाई."

"तुम्हाला माहीत आहे का ही इथं कशासाठी राहते ते? वर्षाचे पैसे भरलेत आम्ही."

"ठावं हाय. म्हनून तर सकाळचा क्लास बुडवला त्या दिवशी दुकानात पाय ठेवायचा न्हाई, आसं बोलणं झालंय आमचं. इचारा."

"एकेचाळीस," भार्गवी म्हणाली आणि तारेला गाठ मारली. "आई, मी एकही लेक्चर बुडवलं नाहीये. दुपारची अभ्यासिका फक्त. तिथं मी झोपतेच."

मग तिने जे सांगितलं ते असं. हॉस्टेलच्या बोअरची मोटर जळाली, दोन दिवस पाणी नव्हतं, आणि आंघोळीविना चिडलेल्या पोरींपैकी ही एक वॉचमनबरोबर दुकानात तगादा करायला आली. तिथे तिने मल्लम्माला विचारलं, मोटर फिरते तरी कशी? मल्लम्माने उघडी मोटर दाखवली. "आई, फॅराडेचा नियम मी तीन वर्षं पाठ म्हणतेय. इथं मला तो दिसला."

मी विज्ञानाची शिक्षिका. फॅराडेचा नियम मीच तिला दहावीत पाठ करून घेतला होता. ते वाक्य मला लागलं. पण लागलेलं दाखवणारी मी नव्हे. शाळेला दिवाळीची सुट्टी लागणारच होती. मी हॉस्टेलजवळ एक खोली घेतली, दिवाळीही तिथेच करायची ठरवली, नवऱ्याला 'तुम्हीच इकडे या' म्हणून कळवलं, आणि भार्गवी जोपर्यंत दुकानात जाईल तोपर्यंत मीही जाईन असं जाहीर केलं. पाळत ठेवायला. रोज दुपारी दोन ते पाच मी मल्लम्माच्या दुकानातल्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसायला लागले.

मल्लम्माने चहा दिला. त्यापलीकडे माझी काही दखल घेतली नाही.

*

एवढ्या वर्षांत मी प्रशिक्षणं पुष्कळ केली. शिकवणं बघायला मात्र मी तिथेच शिकले, तेही वैतागत.

मल्लम्मा काही समजावून सांगायची नाही. भार्गवीने विचारलं, "अक्का, ही तार इथून घ्यायची का तिथून?" की ती म्हणायची, "घेऊन बघ." चुकीची घेतली की गप्प बसायची. चार खाचा पुढे गेल्यावर तार पुरायची नाही, तेव्हा भार्गवी सगळं उसवायची. "आधीच सांगितलं असतं तर?" मी एकदा न राहवून म्हटलं. मल्लम्मा हसली. "ताई, मी सांगितलं आसतं तर ती माझी चूक टळली आसती. तिची तिच्यापाशीच राहिली आसती."

दुसरी गोष्ट अशी की स्वतः भरलेली मोटर स्वतःच बोअरमध्ये सोडायला जायचं. एकदा रेणापूरजवळच्या एका शेतात भार्गवीने भरलेली मोटर दोन दिवसांत जळाली. शेतकरी ती ट्रॅक्टरवर घालून घेऊन आला आणि रस्त्यातूनच ओरडायला लागला. हरभरा पेरून बसलाय, पाणी नाही, तुमच्या पोरीबाळींच्या खेळापायी माझं रान गेलं. मला वाटलं, आता मल्लम्मा म्हणेल, माझी जिम्मेदारी, मी बघते. मीही वर्गात तेच म्हटलं असतं.

मल्लम्मा म्हणाली, "ही पोरीनं भरलीय. तिलाच बोला. आणि तीच पुन्हा भरंल, फुकट. तवर माझी जुनी मोटर घेऊन जावा, रान वाळू देऊ नका."

भार्गवीने उभं राहून अर्धा तास बोलणं खाल्लं. मी तोंडात पदर धरून बसले होते. घरी मी तिला शेजाऱ्याचंही बोलणं खाऊ दिलेलं नाही. शेतकरी गेल्यावर तिने जळकी मोटर उघडली, एक जोड कच्चा राहिला होता तो शोधला, आणि डोळे पुसत मल्लम्माला दाखवला. मल्लम्माने चष्मा लावून पाहिलं. "हां. आता ही चूक मेलीस तरी इसरनार न्हाईस."

तिसरी गोष्ट वहीची. आणि खरं तर सगळी गोष्ट वहीचीच आहे.

प्रत्येक वाइंडिंगवाल्याकडे एक वही असते. कोणत्या कंपनीची, किती हॉर्सपॉवरची मोटर, तिला किती जाडीची तार, प्रत्येक खाचेत किती वेढे. वेढे कमी पडले तर मोटर तापून जळते, जास्त झाले तर पाणी वर येत नाही. हे आकडे कुठे छापलेले मिळत नाहीत. जळक्या मोटरी उसवून, मोजून, वीस-वीस वर्षांत एकेक वही भरते. म्हणून ती कुलुपात असते. मुलगा मोठा झाला की त्याला मिळते. कामगाराला मिळत नाही, तो दहा वर्षं राबला तरी. मालक आत जातो, वही बघतो, बाहेर येऊन आकडा सांगतो.

मल्लम्माची वही खिळ्याला दोरीने टांगलेली असायची. शिकायला येईल त्याने ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत आपल्या हाताने उतरवून घ्यायची, आणि ती उतरवून झाल्याशिवाय शिक्षण पूर्ण नाही. नरसिंग नावाचा एक जण ती घेऊन तिकडे किनवट तालुक्यात इस्लापूरला गेला आणि दुकान टाकून बसला. दामिनी नावाची उदगीरची बाई, नवऱ्याने टाकलेली, तिने उदगीरला टाकलं. आणखी एकाने तर मागच्या वर्षी मल्लम्माच्या समोरच टाकलं, त्याच गल्लीत.

"तुम्हाला राग नाही आला?" मी विचारलं.

"आला की. चार दिवस बोलली न्हाई त्याच्याशी. मग त्याला सहाव्या दिवशी एक मोटर उमगंना, तवा आला इचारायला. सांगितलं."

"का पण?"

तेव्हा तिने ते सांगितलं. सलग नाही. तारेच्या वेढ्यांच्या मधे मधे, आठ-दहा दिवसांत.

मल्लम्मा औसा तालुक्यातल्या एका गावची. नवरा सिद्धराम वाइंडिंगचं काम करायचा, त्या भागात नाव होतं त्याचं. तिची बोटं बारीक, म्हणून तारेखाली खाचेत इन्सुलेशनचा कागद सरकवायचं काम तिचं. पंधरा वर्षं तिने कागद सरकवले. पण आकडा सिद्धराम लोखंडी पेटीतल्या वहीत बघायचा आणि पेटीची किल्ली करगोट्याला बांधायचा. "मी एकदा इचारलं, मला बी सांगा की. म्हनला, बाईच्या जातीला आकडे कशाला?" हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. चांगला होता म्हणाली, मारायचा नाही.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे भूकंप झाला. सिद्धराम घराखाली गेला. ती अंगणात होती, वाचली. मिलिटरीच्या लोकांनी पाचव्या दिवशी पेटी काढून दिली, कुलूप तोडून. त्या आठवड्यात पाऊस थांबलेला नव्हता. "वही उघडली तर सगळी पानं निळी. शाई वाहून गेलेली. एक आकडा दिसंना."

पत्र्याच्या शेडमध्ये वस्ती उभी राहिली. एका संस्थेने बोअर पाडून दिला, मोटर बसवली, आणि ती महिन्याभरात जळाली. लोक म्हणाले, मल्लम्मा, तू सिद्धरामच्या हाताखाली होतीस, तूच भर. हात होते तिच्याकडे. आकडा नव्हता. ती एसटीने लातूरला आली आणि वाइंडिंगवाल्यांच्या याच ओळीत दुकानोदुकानी फिरली. एका मोटरीचा आकडा द्या. दोनशे घरं टँकरच्या रांगेत आहेत.

"कुणीच दिला नाही?"

"एक जण म्हनला, सिद्धरामनं आम्हाला कधी दिला होता का? खरंच होतं ते. त्यानं बी कुणाला दिला नव्हता." ती तार ओढत राहिली. "दुसरा म्हनला, बाई, मोटर हितं आणा, आम्ही भरून देतो. पैसे घेऊन. वस्तीकडं कुठले पैसे?"

मग तिने शेडमध्ये जळकी मोटर उघडली. तार वितळून एकमेकीला चिकटलेली. तिने एक जुडगा आडवा कापला आणि ताटात टोकं मांडून मोजली. पुन्हा मोजली. शेजारणीकडून मोजून घेतली. दोघींचे आकडे जुळेनात, म्हणून तिसरा जुडगा कापला. तीन दिवस लागले. मोटर भरली, सोडली, तर ती उलटी फिरायला लागली आणि पाणी नुसतं करंगळीएवढं. बायका हसल्या. तिने दोन तारांची अदलाबदल केली आणि पाणी आलं.

"त्या दिवशी पहिला आकडा लिवला. वही कुलुपात घालायची न्हाई, ही आण बी त्याच दिवशी घेतली."

*

दिवाळी झाली, नवरा येऊन दोन दिवस राहून परत गेला. माझ्या सुट्टीचे सहा दिवस उरले होते तेव्हा पंचाक्षरी आले.

पंचाक्षरी म्हणजे त्या ओळीतले सगळ्यांत जुने उस्ताद. सत्तरीचे, पांढरंशुभ्र धोतर, ऑइलच्या धंद्यात राहून एक डाग नाही. बरोबर दोन दुकानदार होते. स्टूल मी अडवलं होतं, म्हणून ते उभेच राहिले.

"मल्लम्मा, आमचं सगळ्यांचं एक ठरलंय."

"मला सोडून सगळ्यांचं?"

"तुला सांगायलाच आलोय. वही वाटणं बंद कर. गेल्या सहा वर्षांत सात दुकानं झाली तुझ्या वहीवर. आम्ही आयुष्य घालवलं आकडे जमवायला, न् तू खिरापत वाटून राहिलीस."

"माझे आकडे हायत, उस्ताद. तुमचे न्हाईत."

"मोटरी त्याच ना? ऐक. तारेच्या व्यापाऱ्याशी बोललोय. पंधरा दिवसांनी तुला तार मिळणार नाही. या ओळीत तरी नाही." मग ते माझ्याकडे वळले, एकदम गोड आवाजात. "मॅडम, तुम्ही शिकल्यासवरल्या. पोरगी डॉक्टर करायला आणलीत आणि ती इथं काळे हात करून घेतेय. तुम्ही बसून बघता? आम्हालाच वाईट वाटतंय. घेऊन जा तिला. हिला पण अक्कल येईल."

खरं म्हणजे ते माझंच वाक्य होतं. दोन आठवडे मी रोज खोलीवर भार्गवीला हेच म्हणत होते. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मला ते घाण वाटलं. या माणसाला माझ्या मुलीचं काही पडलेलं नव्हतं. तिने आकडे उतरवू नयेत, एवढंच हवं होतं. आणि माझं? मला तरी तिचं किती पडलं होतं, आणि लोकांना सांगायच्या उत्तराचं किती?

"ती मधूनच जाणार नाही," मी म्हटलं. "वही अर्धी झालीय तिची."

भार्गवीच्या हातातली तार सुटली.

पंचाक्षरी गेल्यावर मल्लम्मा बराच वेळ पक्कड उघडमीट करत बसली. दुकान गेलं तर तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं, पुनर्वसनातलं एक दोन खोल्यांचं घर सोडून. मी म्हटलं, "थोडे दिवस वही आत ठेवा. प्रकरण थंड होईल."

"साकु," ती म्हणाली. पुरे. चिडली की तिच्या तोंडी कानडी यायचं. "आत ठिवली की ती त्यांची झाली." आणि मग, "ताई, तुमचं अक्षर कसं हाय?"

"कशाला?"

"शाळेत तक्ते करता न्हवं? मोठ्या कागदावर?"

दुसऱ्या दिवशी मी चौकातून पंधरा ड्रॉइंगशीट आणि चार मार्कर आणले. दुपारी वीज नव्हतीच. मल्लम्मा आणि भार्गवी वाचून दाखवत होत्या, मी लिहीत होते. कंपनी, हॉर्सपॉवर, तारेचा गेज, वेढे. ठळक, रस्त्यापलीकडून दिसेल असं. सव्वीस वर्षं फळ्यावर लिहिणारा हात आहे माझा. त्या हाताने कधी इतकं घाबरत आणि इतक्या आनंदाने लिहिलेलं मला आठवत नाही. पाच वाजता आम्ही ते सगळे तक्ते शटरच्या दोन्ही बाजूंना, बाहेर, पत्र्याखाली दोरीने टांगले.

"आता काय बंद करायचं ते करू द्या," मल्लम्मा म्हणाली. "माझ्यापाशी काई उरलं न्हाई लपवायला."

पहिल्या दिवशी कुणी जवळ आलं नाही. लांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी एक स्कूटरवाला थांबला, मोबाइलमध्ये फोटो काढून गेला. तिसऱ्या दिवशी समोरच्या दुकानांतले कामगार, मालक जेवायला गेले की, हळूच येऊन हातावर पेनाने आकडे लिहून न्यायला लागले. एकाचा तर कोपरापर्यंत हात भरला. भार्गवीने त्याला आपल्या क्लासच्या वहीचं कोरं पान फाडून दिलं, तर तो लाजून पळाला.

चौथ्या दिवशी पंचाक्षरी आले. एकटे. काही न बोलता चष्मा काढून, पुसून, त्यांनी पहिल्या तक्त्यापासून वाचायला सुरुवात केली. आम्ही तिघी आतून बघत होतो. सातव्या तक्त्यापाशी ते थांबले.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं.

"मास्तरीण आहात ना? तीन हॉर्सपॉवरच्या ओळीत पाचचे वेढे लिहिलेत! या आकड्यानं तीनची मोटर भरली तर पाऊण तासात धूर निघंल. कुणाची तरी मोटर जाळाल की तुम्ही!"

मी वही आणि मार्कर घेऊन बाहेर आले आणि ओळ पाहिली. खरंच एक ओळ खाली घसरले होते.

"मग तीनचे किती हवेत, उस्ताद?" मल्लम्माने आतूनच विचारलं. अगदी साध्या आवाजात.

आणि पंचाक्षरींनी आकडा सांगितला. नुसता सांगितला नाही, माझ्या हातातल्या वहीत डोकावून, "तू लिहिलाय तोही दोननं कमीच आहे, जुन्या मॉडेलला चालायचा, नव्याला नाही," असं म्हणत माझ्या हातातला मार्कर घेऊन स्वतःच्या हाताने तक्त्यावर लिहिला. पन्नास वर्षांच्या कुलुपातला आकडा. लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मार्कर तसाच हातात. भार्गवी हसू दाबायला मोटरीमागे वाकली.

"चुकीचं रस्त्यावर टांगायचं नसतं," ते पुटपुटले आणि गेले. मार्करही घेऊन गेले.

इथे सगळं गोड झालं असं लिहिता आलं असतं. तसं झालं नाही. व्यापाऱ्याने खरोखरच तार बंद केली. तीन महिने मल्लम्मा उदगीरहून, दामिनीकडून, महाग तार मागवत होती, आणि दोन मोठी गिऱ्हाइकं तुटली. पण तक्ते उतरले नाहीत. पावसाळ्याआधी तिने त्यांना प्लास्टिक लावलं. पंचाक्षरी पुढे आणखी दोनदा चूक काढायला आले.

*

भार्गवीने क्लास पूर्ण केला. मल्लम्माने परीक्षेआधी दोन महिने तिला दुकानात येऊ दिलं नाही. सीईटीत मार्क वाढले. एमबीबीएसला पुरले नाहीत, पण एका खासगी कॉलेजात होमिओपॅथीला नंबर लागत होता. २०१२च्या जुलैत नांदेडला आमच्या घरी बैठक बसली. माझे दीर अंबरीश, जाऊ सौदामिनी, नवरा रेणुकादास, मी, आणि जिच्याबद्दल बैठक होती ती.

"मला नाही जायचं," भार्गवी म्हणाली. "मला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा आहे, आणि दुकान टाकायचं आहे. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान."

"कशाचं दुकान?" सौदामिनी. तिचा मुलगा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला.

"मोटर वाइंडिंगचं."

सौदामिनी हसली, मग ती चेष्टा नाही हे कळून थांबली. "अगं, नावापुढे डॉक्टर तर लागेल! पुढचं पुढे. आणि राजश्री, तू काही बोलत का नाहीस?"

त्याच्या आदल्या दिवशी मी मल्लम्माला फोन केला होता. मला आशा होती की ती तरी काहीतरी ठरवून देईल. घेऊ दे म्हणेल, नाहीतर सोडू दे म्हणेल. ती म्हणाली, "ताई, मोटर आसती तर सांगितलं आसतं. पोरीला इचारा." मला तिचा राग आला होता. इतकी वर्षं मुलीला सांगत आले. विचारायचं कसं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी मी भार्गवीच्या खोलीत जाऊन विचारलं. तासभर ऐकलं. मधे बोलले नाही. फार अवघड गेलं.

"ती जाणार नाही," मी सौदामिनीला म्हटलं.

"भूत शिरलंय त्या लातूरच्या बाईचं," अंबरीश म्हणाले. "सातवी शिकलेली बाई आपल्या मुलीचं करिअर ठरवणार?"

"चौथी," मी म्हटलं. "चौथी शिकली आहे ती. आणि तिने काहीच ठरवलेलं नाही. लातुरातल्या प्रत्येक खांबावर कुणाचा तरी फोटो आहे, खाली 'मार्गदर्शक' लिहिलेलं. त्यांच्यातल्या एकाला माझ्या मुलीचं नाव सांगता आलं नसतं, नुसता रोल नंबर. या बाईने तिच्याकडून एक मोटर तीनदा उसवून घेतली. तिला शिव्या खाऊ दिल्या. आणि आपलं होतं नव्हतं ते सगळं तिच्या हातात दिलं, पोरगी उद्या समोर दुकान टाकेल हे माहीत असून. मी सव्वीस वर्षं शिक्षिका आहे. मी कुणाला असं दिलेलं नाही. तुम्ही दिलंय का भावजी?"

सौदामिनी म्हणाली, "भीती नाही वाटत तुला?"

"वाटते. होमिओपॅथीचीही वाटली असती."

रेणुकादास पाटबंधारे खात्यात लिपिक. आयुष्यात त्यांनी घरात आवाज चढवलेला नाही, आणि मतही लवकर दिलेलं नाही. ते इतका वेळ बैठकीच्या सतरंजीचा धागा ओढत होते. आता त्यांनी भार्गवीकडे पाहिलं आणि विचारलं, "दुकान कुठल्या बाजूला चालेल? विष्णुपुरीच्या रस्त्याला बागाईत जास्त आहे."

सौदामिनी पदर सावरून उठली.

पुढच्या रविवारी मी आणि भार्गवी विष्णुपुरीच्या रस्त्याला जागा बघत फिरलो. ऊन रखरखीत, पाऊस लांबलेला. एकाने दुकानात आवाज फार होईल म्हणून नाही म्हटलं. दुसऱ्याने भाडं दुप्पट सांगितलं. तिसऱ्याने सरळच सांगितलं, बायकांना देत नाही. मी परत फिरायच्या बेतात होते. भार्गवी चौथ्याचं दार वाजवून मोकळी झाली होती. म्हातारे गृहस्थ बाहेर आले. जागा दाखवली. मीटर थ्री-फेज होता, भार्गवीने तो उघडून पाहिला, अर्थिंगबद्दल दोन प्रश्न विचारले. गृहस्थांनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ते सगळं ठीक. पण मिस्त्री कोण आहे तुमचा?"

"मी," भार्गवी म्हणाली.

ते तिच्याकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिले. मी उत्तर देईन म्हणून. एरवी दिलंही असतं. मुलीच्या वतीने बोलायची मला अठरा वर्षांची सवय.

"माझ्याकडे काय बघताय?" मी म्हटलं. "त्यांच्याशी बोला." आणि मी रस्त्यापलीकडे कडुलिंबाच्या सावलीत जाऊन उभी राहिले.